इथून दहा मिनिटांवर

द्रोणागिरी स्टेशनाबाहेर येऊन ‘द्रोणागिरीचा किल्ला कुठे?’ असं विचारणारा माणूस पाहुणा आहे, हे रिक्षावाल्याला लगेच कळतं. इथल्या माणसाला ठाऊक असतं की स्टेशन बोकडवीऱ्याला लागून आहे, सिडकोचा द्रोणागिरी नोड बोकडवीरा, भेंडखळ, नवघर, पागोटे अशा गावांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर पसरलेला आहे, आणि ज्याच्यावरून हे सगळं नाव घेतलं तो डोंगर उरण शहर ओलांडून पार करंजाच्या अंगाला उभा आहे. नाव तेवढं घेतलं, डोंगर घेतला नाही. डोंगराला एफएसआय मिळत नाही.

डोंगराची गोष्ट मात्र मोठी आहे. लक्ष्मणाला शक्ती लागली, संजीवनी आणायला गेलेल्या मारुतीरायांनी अख्खा द्रोणागिरी उचलला आणि लंकेकडे जाताना त्याचा एक तुकडा इथे उरणला पडला. अशीच गोष्ट देशातले आणखी कितीतरी डोंगर सांगतात, पण आमच्या गोष्टीला पुरावा आहे. न्हावा-शेवा बंदराच्या रस्त्यावरून काहीही वाहून नेलं तरी त्यातलं थोडं इथे सांडल्याशिवाय पुढे जात नाही.

या नोडमध्ये आम्ही बहुतेकांनी घरं घेतली ती ब्रोशर बघून. ब्रोशरमध्ये विमानतळ दहा मिनिटांवर होता, सागरी सेतू दहा मिनिटांवर होता, रेल्वे तर पाचच मिनिटांवर होती. ही दहा मिनिटं कोणत्या सालातली, हे ब्रोशरमध्ये लिहायची पद्धत नाही. त्यामुळे पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचं हा प्रश्न आमच्यापुढे कधी पडलाच नाही. जगात सगळीकडे वाटाडे होऊन गेलेलं दाखवतात. आम्ही व्हायचं असलेलं दाखवतो.

त्याचा एक विधीच आहे. पाहुण्याला चहा होतो, मग त्याला लिफ्टने गच्चीवर नेतात. गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे असल्यामुळे सेक्रेटरीही बरोबर येतात, आणि किल्लीपेक्षा माहिती त्यांच्याकडे जास्त असल्यामुळे बोटही तेच दाखवतात. “ती खारफुटी दिसते ना? तिच्या पलीकडून कोस्टल रोड येणार.” पाहुणा डोळे बारीक करून बघतो. पलीकडे दुसरी खारफुटी असते. “आणि तो मोकळा प्लॉट? तिथे मॉल येतोय.” तिथे म्हशी असतात. पाहुणा मान डोलावतो, कारण तोही कुठेतरी अशाच गच्चीवर उभा राहून कर्जावर सही करून आलेला असतो.

नाक्यावर उतरलं तरी काळ तोच. युरोपातल्या गावांच्या चौकात जुन्या राजांचे आणि संतांचे पुतळे असतात. आमच्या नाक्यावर बॅनर असतात, आणि त्यावरचे सगळे ‘भावी’ असतात. भावी नगरसेवक, भावी सभापती, भावी आमदार. खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइझ फोटो, तेही बहुधा भावीच.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आमचे साडू चेक देशाची सहल करून आले.

साडूभाऊ स्वतः डोंबिवलीत राहतात. परंतु प्रागहून परतल्यापासून ते डोंबिवलीत फक्त झोपायला जातात, मनाने व्लटावा नदीच्या काठी असतात. येताना त्यांनी पेनड्राइव्ह आणला होता आणि आमच्या टीव्हीला तो चालला. हे मी आजवर टीव्ही कंपनीला माफ केलेलं नाही.

चेक देशातली गावं खरोखर देखणी आहेत. मधोमध फरसबंद चौक, चौकाला चारी बाजूंनी पिस्त्याच्या, गुलाबी, लिंबू रंगांची कमानीवाली घरं, एक चर्च, वर टेकडीवर एक किल्ला, आणि चौकाच्या मध्यावर सोनेरी मुकुटाच्या पुतळ्यांनी लगडलेला एक दगडी स्तंभ. हा स्तंभ बहुतेक ठिकाणी प्लेग ओसरल्याबद्दल देवाचे आभार मानायला उभारलेला असतो. ओलोमोउत्स नावाच्या गावातला तर ३५ मीटर उंच आहे. १७१६ साली काम सुरू झालं आणि १७५४ साली संपलं. एक स्तंभ बघितला की डोळे भरून येतात. चौथ्या स्तंभानंतर मात्र असं झालं की तेल्च कोणतं आणि चेस्की क्रुमलोव्ह कोणतं हे साडूभाऊंनाच सांगता येईना. ताई, म्हणजे हिची थोरली बहीण, फोटोतल्या स्वतःच्या स्वेटरवरून गाव ओळखत होत्या. “मोरपंखी आहे ना, मग हे तेल्च. क्रुमलोव्हला मी राणी कलर घातला होता.”

जेवणाची पानं वाढली तेव्हा फोटो कुत्ना होराला पोचले होते. तिथे सेडलेत्स नावाच्या जागी एक लहानसं चर्च आहे, त्यात सुमारे ४०,००० माणसांची हाडं आहेत आणि ती नुसती ठेवलेली नाहीत, त्यांची आरास केलेली आहे. १८७० साली एका लाकूडकाम करणाऱ्या कारागिराने त्या हाडांची तोरणं केली, एका सरदार घराण्याचं चिन्ह केलं, आणि एक झुंबर केलं. माणसाच्या शरीरातलं प्रत्येक हाड त्या झुंबरात निदान एकदा तरी आलेलं आहे, असं सांगतात. हे साडूभाऊ सांगत असताना माझ्या ताटात करंजाच्या बंदरावरून सकाळी आणलेला बांगडा होता. मी त्याचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि पहिल्यांदाच तो जरा नीट ओळीत ठेवावासा वाटला.

त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, कारण ते खोटं नसतं. एकाच गोष्टीत मी त्यांना गाठलं. ताईंनी प्रागच्या रस्त्यावर निखाऱ्यावर भाजलेली, साखर घोळलेली, नळीच्या आकाराची एक रोटी खाल्ली होती, त्रदेलनिक म्हणून. शेकडो वर्षांची चेक परंपरा, असं गाड्यावर लिहिलेलं होतं. वास्तविक हा पदार्थ प्रागच्या रस्त्यांवर गेल्या काही वर्षांतच बोकाळला आणि मूळचा त्या बाजूचा नव्हे, हे खुद्द प्रागची माणसं वैतागून सांगतात. पर्यटक परंपरा मागतो, तर त्याला गरमागरम देतात. आमच्या हायवेवरही ‘अस्सल आगरी’ची पाटी लावलेल्या हॉटेलात पहिलं पान पनीरचं असतं.

शेवटी तो प्रश्न आलाच. ताक पिऊन झाल्यावर साडूभाऊ म्हणाले, “तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे?”

मी नेहमीप्रमाणे गच्चीकडे बोट केलं.

“ते होणार आहे हो सगळं,” साडूभाऊ म्हणाले. “झालेलं काय आहे?”

द्रोणागिरीत असा प्रश्न कोणी विचारत नाही. सॅम्पल फ्लॅट बघायला आलेला माणूससुद्धा इतका उद्धट नसतो.

त्या रात्री मी चेक देशाचा इतिहास वाचायला घेतला, त्यांचं उणं काढायच्या हेतूने. आणि मला परदेशात सख्खे भाऊ सापडल्याचा आनंद झाला. प्रागच्या किल्ल्यातलं संत व्हीटचं कॅथीड्रल, ज्याच्या पुढ्यात साडूभाऊंनी दोन्ही हात पसरून फोटो काढलाय, त्याचं भूमिपूजन १३४४ साली झालं आणि पजेशन १९२९ साली मिळालं. ५८५ वर्षं. मध्ये युद्धं झाली, पैसे संपले, आग लागली. थोडक्यात आपले बिल्डर जी कारणं सांगतात ती सगळी तिथे खरी घडली. तेवढ्या काळात प्रागच्या कित्येक पिढ्या पाहुण्यांना टेकडीवर नेऊन सांगत असणार की इथून पुढे शिखरं येणार आहेत, आत्ता नका बघू, रविवारी कामगार नसतात.

पुलाचंही तेच. प्रागच्या त्या प्रसिद्ध चार्ल्स पुलासाठी चौथ्या चार्ल्स राजाने मुहूर्त काढला होता, आणि तो इतका चोख की आपल्या दाते पंचांगानेही मान लववावी: १३५७ सालच्या सातव्या महिन्यातली नऊ तारीख, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटं. साल, दिवस, महिना, वेळ ओळीने मांडली की १, ३, ५, ७, ९, ७, ५, ३, १ असा चढून उतरणारा आकडा होतो. निदान तिथले वाटाडे तरी तसं सांगतात. एवढं करून पूल पुरा झाला १४०२ साली. राजा १३७८ मध्येच वारला. चुना घट्ट व्हावा म्हणून त्यात अंडी घातली होती अशी आख्यायिका आहे; राजाने गावोगाव अंडी मागवली, आणि वेल्वारी नावाच्या गावाने, वाटेत फुटू नयेत म्हणून, ती उकडून पाठवली. त्या गावाची सहाशे वर्षं टिंगल चालली आहे. मला विचाराल तर ठेकेदाराला माल पाठवण्याचा याहून व्यवहारी विचार मी ऐकलेला नाही.

आता आमचा पूल घ्या. मुंबईहून समुद्रावरून पूल उरणच्या बाजूला आणावा ही सूचना १९६३ च्या सुमारास एका अमेरिकन सल्लागार कंपनीने केली. तो शिवडीपासून चिर्ल्यापर्यंतचा २१.८ किलोमीटरचा पूल अटल सेतू या नावाने १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला. म्हणजे कल्पनेपासून टोलनाक्यापर्यंत साधारण ६१ वर्षं. चार्ल्स राजाचा पूल मुहूर्त बघूनही ४५ वर्षांत आटपला, आम्ही आरामात त्याच्या पुढे. आणि आमच्या पुलावर चार्ल्स पुलासारखे तीस संतांचे पुतळे नाहीत, हे खरं. पण चालत जायची परवानगीच नसल्यामुळे ते बघितले कोणी असते?

दुसरा मुद्दा मला त्याच रात्री सापडला आणि मी उठून हिला उठवलं. प्राग, चेस्की क्रुमलोव्ह आणि तेल्च ही तिन्ही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली १९९२ साली. घारापुरी आली १९८७ साली. आणि घारापुरी कुठे आहे? उरण तालुका, जिल्हा रायगड. आम्ही प्रागला पाच वर्षांनी सीनियर आहोत! ही म्हणाली, “सकाळी सांगितलं तर चालणार नाही का?”

घारापुरी आमच्या तालुक्यात आहे हे जगाला पटवणं हे उरणकरांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं दुःख आहे. आमच्या बाजूने बघितलं तर बेट समोर, अगदी हाक मारावी इतकं. पण जग जातं गेटवे ऑफ इंडियावरून, तासभर लाँचमध्ये बसून, सीगल पक्ष्यांना वेफर्स टाकत. परतल्यावर सांगताना ‘मुंबईतल्या एलिफंटा केव्ह्‌ज’ म्हणतं. लेणं आमचं आणि पाहुणचाराचा मान कुलाब्याच्या हॉटेलांना.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, हे नशीब. सोमवारी लेणी बंद असतात आणि आमचे बहुतेक पाहुणे ते धक्क्यावर पोचल्यावर शिकतात. साडूभाऊंना घेऊन आम्ही गेलो. जेट्टीवरून पायथ्यापर्यंत खेळण्यातली वाटावी अशी आगगाडी आहे, पुढे शंभराच्या वर पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना टोप्या, माळा, काचेचे हत्ती. माकडांनी पहिल्याच वळणावर साडूभाऊंच्या हातातली थंड पेयाची बाटली घेतली. झाकण फिरवून उघडली, प्यायली आणि टाकून दिली. ताई म्हणाल्या, “प्रागमध्ये तीनशे रुपयांना मिळते.”

मग आत शिरलो आणि सगळेच गप्प झाले. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळ्यांना आधी काहीच दिसत नाही. खांब आहेत एवढं कळतं, मग हळूहळू मागच्या भिंतीतून ती वीस फुटांच्या आसपासची त्रिमूर्ती पुढे येते. मधला चेहरा डोळे मिटलेला, एका बाजूला उग्र भैरव, दुसऱ्या बाजूला हातात कमळ घेतलेलं वामदेवाचं रूप. सहाव्या शतकातलं काम. कोणी करवलं त्याचं नाव नाही, कोणत्या कारागिरांनी केलं त्यांचीही नावं नाहीत. साडूभाऊंनी कॅमेरा खाली घेतला आणि बराच वेळ तो वर केलाच नाही.

नावं का नाहीत, त्याचीही एक कथा आहे. लेण्यावर एक शिलालेख होता. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो काढला, इथे कोणाला वाचता येईना म्हणून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला, तिथेही कोणाला वाचता आला नाही, आणि पुढे तो दगडच हरवला. हे मला अजिबात परकं वाटत नाही. मूळ कागद पडताळणीसाठी वर पाठवा म्हणतात तेव्हा झेरॉक्स काढून ठेवावी, हा धडा कोकणाने तेव्हाच घ्यायला हवा होता.

आणि ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं तो दगडी हत्ती तरी बेटावर असावा? तोही नाही. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला उचलला. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. तुकडे मुंबईत नेले, १९१४ साली जोडले, आणि आज तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. म्हणजे घारापुरीत हत्ती नाही आणि द्रोणागिरीत द्रोणागिरी नाही. आमच्या तालुक्यात नावाची वस्तू नावाच्या जागी ठेवायचा प्रघातच नाही.

जागतिक वारसा झाल्यावर ३१ वर्षांनी, २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राखालून केबल टाकून घारापुरीच्या तिन्ही वाड्यांना कायमची वीज आली. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर. मोराबंदर, शेतबंदर, राजबंदर इथल्या माणसांनी आयुष्यभर अंधारात बसून समोर मुंबईचा झगमगाट आणि मागे न्हावा-शेव्याच्या बंदरातले दिवे बघितले. साडूभाऊंना हे सांगितल्यावर ते फक्त ‘हं’ म्हणाले. हा त्यांचा पहिला ‘हं’ होता.

दुसरा ‘हं’ किल्ल्यावर. द्रोणागिरीचा डोंगर फार उंच नाही, पण प्रागच्या किल्ल्यापर्यंत बावीस नंबरची ट्राम जाते आणि इथे जात नाही. करवंदीच्या जाळ्यांतून वाट वर चढते. पायथ्याला ओएनजीसीचा मोठा प्रकल्प आहे. कॅमेरा तिकडे वळवायचा नाही, अशी ताकीद जाणकार आधीच देतात. माथ्याकडे दरवाज्याचे अवशेष, पाण्याचं टाकं, तटाचे तुकडे आणि पोर्तुगीजांच्या चर्चची पडकी भिंत. १७३९ साली, वसईच्या मोहिमेच्या धामधुमीत, मानाजी आंग्रे यांनी उरणच्या बाजूचा हा मुलूख पोर्तुगीजांकडून घेतला. तिकीट नाही, रांग नाही, कानाला लावायचं यंत्र नाही, चुंबकवाले नाहीत. साडूभाऊंनी चुंबक कुठे मिळेल म्हणून विचारलं होतं. फ्रिजवर प्रागच्या शेजारी त्यांनी जागा ठेवली होती.

माथ्यावरून करंजाची खाडी दिसते, पलीकडे रेवस, इकडे टाक्या, चिमण्या, बंदराच्या अवाढव्य क्रेन आणि कंटेनरचे ढीग. लाल, निळे, हिरवे, केशरी. लांबून बघाल तर तेल्चचा चौकच. फक्त घरांना खिडक्या नाहीत. प्रागला शंभर मनोऱ्यांचं शहर म्हणतात. आम्ही मोजायला बसलो तर बोकडवीऱ्याच्या वायू विद्युत केंद्राची धुराडी धरून बरी मजल मारू.

उतरताना साडूभाऊ म्हणाले, “किल्ला छान आहे, पण तुमच्या नोडमध्ये तरी काही जुनं नाही. सगळे टॉवर कालचे.”

इथे मात्र मला त्यांना जासईवरून न्यावं लागलं. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथला शेतकरी रस्त्यावर उतरला. १६ आणि १७ तारखेला जासई आणि नवघरला पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आज द्रोणागिरीत जे टॉवर उभे आहेत त्यांतले कितीतरी या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर आहेत. ब्रोशरमध्ये ‘क्लिअर टायटल’ एवढे दोनच शब्द असतात. त्यांच्यामागे हे आहे. दि. बां.चं नाव विमानतळाला द्यावं म्हणून २०२१ मध्ये हाच तालुका पुन्हा रस्त्यावर होता. थोडं आत गेलं तर चिरनेर, २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह, तिथेही गोळीबार, आठ हुतात्मे. चेक चौकातल्या स्तंभांशी तुलना करायची तर ही आमची स्मारकं, आणि रोग ओसरला म्हणून उभारलेली ती नव्हेत.

साडूभाऊ गाडीत बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांच्या स्वभावाप्रमाणे त्यांनी विषय बुटांवर नेला, कारण किल्ला उतरताना त्यांच्या बाटाचा तळ निघाला होता.

त्यांना ठाऊकच नव्हतं की बाटा चेक. मराठी माणसाच्या तीन पिढ्या जूनमध्ये शाळेचे बूट घ्यायला बाटात गेल्या आणि त्या सगळ्यांना कंपनी कोलकात्याकडची वाटत आली. पण बाटा हे झ्लीन गावचे चांभार, आणि झ्लीन हे त्यांनी नव्याने वसवलेलं आखीव शहर: लाल विटांचे कारखाने, कामगारांची एकसारखी चौकोनी घरं, मोजून आखलेले रस्ते. जुनं फारसं काही नाही, तरी लोक ते बघायला मुद्दाम जातात. तिथे १९३० च्या दशकाच्या शेवटी उभी राहिलेली सोळा मजल्यांची कचेरी आहे, २१ नंबरची इमारत, आणि तिच्यात बड्या साहेबांची खोली लिफ्टमध्ये बसवलेली आहे. टेबल, टेलिफोन, हात धुवायचं बेसिन, सगळ्यासकट साहेब मजल्यामजल्यावर जायचा, अशी योजना. आपल्याकडे कोणत्याही कचेरीत उलट असतं. साहेब जागेवर, किंवा जागेवर नसतो. मजले आपण चढायचे. बाटासाहेबांना मात्र ती लिफ्ट फारशी लाभली नाही. १९३९ साली जर्मन आले आणि ते देश सोडून गेले.

“म्हणजे तुमचा सिडको नोड आणि झ्लीन एकच की,” साडूभाऊ म्हणाले. “शंभर वर्षांनी लोक तुमचे सेक्टर बघायला येतील.”

ऐकून बरं वाटलं. आणि तेच वाक्य सांगितल्यावर सेक्रेटरींची झोप उडाली.

कारण गेल्या दोन-तीन वर्षांत द्रोणागिरीवर एक मोठंच संकट आलं आहे: गोष्टी होऊ लागल्या आहेत. नव्वदच्या दशकात मंजूर झालेली रेल्वे १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत खरोखर आली, आणि सेतूही त्याच दिवशी खुला झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचंही उद्‌घाटन झालं. गच्चीवर दाखवायच्या तीन मुख्य वस्तू बघता बघता संपल्या. झालेली गोष्ट दाखवण्यात मजा नाही, पाहुणा ती फोनमध्ये बघून येतो, आणि पूल झाला म्हटलं की लगेच टोल विचारतो. सेक्रेटरींचा चेहरा उतरलेला होता. मग तिसऱ्या मुंबईची घोषणा आठवली, कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर, उरण-पनवेल-पेण तालुक्यांतली १२४ गावं, आणि माणूस पुन्हा ताठ झाला. निदान पन्नास वर्षांची सोय.

निघायच्या दिवशी साडूभाऊंनीच विचारलं, “इकडे आत्ता बुक केलं तर काय रेट पडेल?” ताईंनी त्यांच्याकडे वळून बघितलं. सेक्रेटरी दारातच होते. त्यांनी चपला घातल्या आणि आम्हाला सगळ्यांना गाडीत घालून करंजाच्या धक्क्यावर नेलं. आधी द्रोणागिरी देवीचं दर्शन, मग पाण्याच्या कडेला. बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून बोलला जाणारा रेवस-करंजा पूल इथून निघणार. काम हाती घेतलेलं आहे, पण वरून गाडी जाईल असं अजून काही नाही.

“हा झाला की अलिबाग किती?” साडूभाऊंनी विचारलं.

“दहा मिनिटं,” सेक्रेटरी म्हणाले.

साडूभाऊंनी कॅमेरा काढला आणि पुलाचे चार-पाच फोटो घेतले. ताईंनी ते रात्री व्हॉट्सॲपवर पाठवले, चार्ल्स पुलाच्या फोटोंखाली. पाणी आहे, रेवसची लाँच आहे आणि प्रत्येक फोटोत डाव्या बाजूने आत आलेलं सेक्रेटरींचं बोट आहे.